नातं आधी मराठीत मोजा, मग इंग्रजीत लिहा

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं व्हिसाचे अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे आलं. निघाले होते न्यू जर्सीला, नवऱ्याच्या धाकट्या भावाकडे. अर्ज दोघांनी शेजारीशेजारी बसून भरलेले, त्यामुळे एकाने जे लिहिलं तेच दुसऱ्याने उतरवलेलं. अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात एक प्रश्न असतो: आईवडील सोडून तुमचे कोणी 'इमिजिएट रिलेटिव्ह' अमेरिकेत आहेत का? दोघांचंही उत्तर 'यस', आणि नात्याच्या यादीतून दोघांनीही निवडलेलं 'सिब्लिंग'. मी बाईंना विचारलं, "हा तुमचा भाऊ नाही ना?" त्या म्हणाल्या, "भाऊ कसा असेल? सख्खा दीर आहे. घरातलाच."

घरातलाच, अगदी खरं. पण त्या प्रश्नापुरते 'इमिजिएट रिलेटिव्ह' चारच असतात: वाग्दत्त, नवरा किंवा बायको, मूल आणि भावंड. दीर त्यात नाही. म्हणून नवऱ्याच्या अर्जात 'यस, सिब्लिंग', आणि बाईंच्या अर्जात 'नो'. मग लगेच खाली 'इतर कोणी नातेवाईक आहेत का' असा प्रश्न उघडतो, तिथे 'यस'. माणूस एक, उत्तरं दोन, दोन्ही खरी.

मी कागदपत्रांची भाषांतरं करते. वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, आमंत्रणाची पत्रं असली कामं जास्त. त्यातल्या निम्म्याअधिक चुका व्याकरणाच्या नसतात, नात्यांच्या असतात. कारण मराठी नात्याचं नाव वाट सांगतं आणि इंग्रजी नाव फक्त अंतर. 'मामेभाऊ' म्हटलं की आईकडून, तिच्या भावाच्या घरून आलेला रस्ता दिसतो. 'कझिन' म्हटलं की एवढंच कळतं की माणूस जरा पलीकडच्या घरातला आहे. वाटेवरून अंतर काढता येतं. उलटं करता येत नाही. म्हणून काम नेहमी मराठीतून सुरू करायचं.

आधी कागदावर वाट काढा

कोणतंही नातं चारच दुव्यांत मोडता येतं: आईवडील, मूल, भावंड, जोडीदार. आपल्यापासून सुरुवात करून त्या माणसापर्यंतचे दुवे ओळीने लिहा. साडू म्हणजे बायको, तिची बहीण, तिचा नवरा. भाची म्हणजे बहीण, तिची मुलगी. चुलत आजोबा म्हणजे वडील, त्यांचे वडील, त्यांचा भाऊ. एवढं पेन्सिलीने लिहिलं की अर्धं काम झालं.

मग त्या ओळीत जोडीदाराचा दुवा आहे का ते बघा. नसेल तर नातं रक्ताचं, आणि शब्द अंकल, कझिन, नेफ्यू, ग्रँडफादर या कुळातला. असेल तर बहुतेक वेळा 'इन-लॉ' लागतं. अपवाद एक मोठा आहे: काकू, मामी, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान. यांच्या वाटेत लग्न आहे, तरी इंग्रजीत ती सरळ आँट आणि अंकलच.

तिसरा प्रश्न, आणि लोक नेमका हाच विसरतात: वाचणारा कोण आहे? घरचं पत्र असेल तर ढोबळ शब्द चालतो. अर्ज असेल तर त्या अर्जाची व्याख्या चालते, आपली नाही. 'रिलेटिव्ह' हा शब्द प्रत्येक टेबलावर वेगळा असतो. रेल्वेचं कन्फर्म तिकीट घरच्या माणसाच्या नावावर करून मिळतं, पण त्या यादीत आईवडील, भाऊबहीण, मुलगा-मुलगी आणि नवरा-बायको एवढेच. तिथे मावसभाऊ 'ब्रदर' म्हणून खपवता येत नाही. अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यात 'निअर रिलेटिव्ह' म्हणजे जवळपास हीच माणसं होती. २०११च्या दुरुस्तीने त्यात आजीआजोबा आणि नातवंडं आली. काका तेव्हाही बाहेर होते, दुरुस्तीनंतरही बाहेरच.

काका, मामा आणि एकच अंकल

मराठी माणूस हसतो की इंग्रजांना काका आणि मामा यांत फरक कळत नाही. पूर्वी कळत होता. जुन्या इंग्रजीत मामाला वेगळा शब्द होता, काकाला वेगळा, आत्याला आणि मावशीलाही. पुढे फ्रेंचमधून 'अंकल' आणि 'आँट' आले आणि चारांचे दोन झाले. गंमत म्हणजे 'अंकल'चं मूळ लॅटिन 'अव्हंक्युलस', म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. आणि 'आँट'चं मूळ लॅटिन 'अमिता', म्हणजे वडिलांची बहीण, आपली आत्या. अमिता नावाच्या आत्या असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

आता नेमकेपणा हवा असेल तर काय करायचं? लोक 'मॅटर्नल अंकल' आणि 'पॅटर्नल अंकल' लिहितात. मामा आणि काका यांच्यासाठी ते चालतं. पण 'पॅटर्नल आँट' म्हटलं की वाचणाऱ्याला आत्या की काकू ते कळत नाही. 'मॅटर्नल अंकल'मध्येही मामा आणि मावशीचे यजमान दोघं शिरू शकतात. त्यापेक्षा वाटच लिहा: 'माय फादर्स सिस्टर', 'माय मदर्स ब्रदर', आणि काकूंसाठी 'माय फादर्स ब्रदर्स वाइफ'. लांब वाटतं, पण कोणी परत विचारायला येत नाही.

हे अडाणीपणाचं लक्षण नाही. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा इंग्रजीतच लिहिलेला आहे, आणि त्याच्या वारसांच्या यादीत 'अंकल' किंवा 'आँट' शोधून सापडत नाही. तिथे आहे 'फादर्स ब्रदर, फादर्स सिस्टर' सातव्या ओळीत, आणि 'मदर्स ब्रदर, मदर्स सिस्टर' थेट नवव्या ओळीत. मध्ये आईचे आईवडील. म्हणजे काका-आत्यांचा हक्क मामा-मावशीच्या आधी येतो. तिथे नुसतं 'अंकल' लिहिलं असतं तर कोर्टात दोन घरं कायमची भांडत बसली असती. सावत्र आईसाठीही त्या यादीत 'स्टेपमदर' नाही, 'फादर्स विडो' आहे. कायदा करणाऱ्यांनाही वाटच लिहावी लागली.

घरगुती लिखाणात दोन बारीक गोष्टी. आपण सुरेशकाका म्हणतो, नाव आधी आणि नातं मागून. बाहेर 'अंकल सुरेश' म्हणतात. आणि 'माय अंकल' लिहिताना अंकलचं पहिलं अक्षर लहान, पण 'अंकल सुरेश'मध्ये मोठं, कारण तिथे तो नावाचाच भाग होतो. 'मदर' आणि 'डॅड' यांचंही तसंच. अर्जात 'आँटी' कधी लिहू नये, 'आँट' लिहावं. आणि शेजारच्या, ज्यांना आपण सवयीने काकू म्हणतो, त्यांना व्हिसाच्या पत्रात 'माय आँट' म्हणू नका. तिथे त्या 'फॅमिली फ्रेंड'.

आजोबांच्या भावाला इंग्रजीत 'ग्रेट-अंकल' किंवा 'ग्रँड-अंकल' म्हणतात. पणजोबा मात्र 'ग्रेट-ग्रँडफादर'. खापरपणजोबांना आणखी एक 'ग्रेट'. ग्रेट-अंकलमधलं 'ग्रेट' एक पिढी मागे असतं, म्हणून 'ग्रँड-अंकल' जास्त तर्काचं वाटतं आणि मी तेच वापरते. 'ग्रँड ग्रँडफादर' असा शब्द नाही, पण दर महिन्याला एकदा तरी दिसतो.

कझिन: आकडा कसा काढायचा

'कझिन ब्रदर' बरोबर की चूक, यावर लग्नाच्या मांडवात वाद होतात. भारतात तो शब्द चालतो आणि कळतो. आपल्याला भाऊ की बहीण हे सांगितल्याशिवाय चैनच पडत नाही, म्हणून तो झाला. पण परदेशी वाचणाऱ्यासमोर नुसतं 'कझिन' पुरे. पुढच्या वाक्यात 'ही' किंवा 'शी' आलं की उलगडतं. 'रिअल ब्रदर' आणि 'ओन ब्रदर'ही तसेच: सख्खा भाऊ म्हणजे नुसता 'ब्रदर'. तिकडे 'रिअल ब्रदर' वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की खोटा कुठला.

चुलत, आते, मामे, मावस हे चारही भाऊ 'फर्स्ट कझिन'. घोटाळा पुढे सुरू होतो. वडिलांच्या चुलतभावाला आपण काका म्हणतो आणि इंग्रजीत लोक त्याला हमखास 'सेकंड कझिन' लिहितात. तो सेकंड कझिन नाही. तो आहे 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'.

हिशेब असा. दोघांचा सामाईक पूर्वज शोधा. वडिलांचा चुलतभाऊ आणि मी यांच्यात तो म्हणजे माझे पणजोबा. माझ्यापासून वर मोजा: वडील एक, आजोबा दोन, पणजोबा तीन. आता त्याच्यापासून वर मोजा: त्याचे वडील एक, पणजोबा दोन. आकडे तीन आणि दोन. लहान आकड्यातून एक वजा केला की कझिनचा क्रमांक मिळतो: दोन वजा एक, म्हणजे फर्स्ट. दोन आकड्यांतला फरक म्हणजे 'रिमूव्हड': तीन वजा दोन, म्हणजे वन्स.

आता त्याची मुलगी घ्या. तिच्यापासून पणजोबांपर्यंत तीन पायऱ्या, माझ्यापासूनही तीन. तीन वजा एक दोन, फरक शून्य. ती माझी सेकंड कझिन. ताळा करून पाहायचा असेल तर सख्ख्या काकांवर हिशेब लावा: माझ्यापासून आजोबा दोन, काकांपासून एक. एक वजा एक शून्य, म्हणजे कझिन नव्हेच. शून्य आलं की अंकल-नेफ्यूच्या घरात गेलात असं समजा.

'वन्स रिमूव्हड'मध्ये एक खोड आहे: तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो. वडिलांचा चुलतभाऊ मला जे, तेच मी त्याला. वरची पिढी कोणाची, हे शब्दावरून कळत नाही. आणि माझ्या चुलतभावाचा मुलगा, ज्याला आपण बिनदिक्कत पुतण्या म्हणतो, तोही इंग्रजीत नेफ्यू नाही, फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हडच. म्हणून कागदावर मी 'माय फर्स्ट कझिन्स सन' असं लिहिते. बोलताना मात्र 'नेफ्यू' म्हटलं तरी कोणी अडवत नाही, कारण तिकडेही घराघरात तेच चालतं.

हा आकडा एका ठिकाणी खरोखर महत्त्वाचा ठरतो: गरोदरपणात डॉक्टर विचारतात, लग्न नात्यात झालंय का? महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, तेव्हा हा प्रश्न रोजचा. मामाची मुलगी असेल तर 'फर्स्ट कझिन', आणि त्या दोघांची सरासरी साडेबारा टक्के जनुकं सारखी असतात. आईच्या मामेबहिणीची मुलगी असेल तर 'सेकंड कझिन', आणि तिथे हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास येतं. बाई नुसतं "नात्यातलंच आहे" म्हणाली आणि केसपेपरवर 'कझिन' एवढंच उतरलं, तर पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. परदेशात बाळंतपण असेल तर वाट लिहून न्या: आईच्या भावाची मुलगी, की आईच्या मामाच्या मुलीची मुलगी.

पुतण्या, भाचा आणि भेटीची दिशा

पुतण्या आणि भाचा दोघंही 'नेफ्यू', पुतणी आणि भाची दोघी 'नीस'. भावाचा की बहिणीचा हे हवं असेल तर 'ब्रदर्स सन', 'सिस्टर्स डॉटर'. भाच्याचा मुलगा 'ग्रँड-नेफ्यू'. एवढंच, इथे शब्दाचा त्रास नाही. त्रास आहे तो दिशेचा.

आयकर कायद्यात 'रिलेटिव्ह'कडून मिळालेली भेट करमुक्त धरली आहे. परक्याकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांवर भेट मिळाली की ती उत्पन्नात धरतात. त्या 'रिलेटिव्ह'मध्ये जोडीदार, आपली भावंडं, जोडीदाराची भावंडं, आईवडिलांची भावंडं, आपली आणि जोडीदाराची वरची-खालची सरळ पिढी आणि या सगळ्यांचे जोडीदार येतात. आता बघा: काकांनी पुतण्याला दोन लाख दिले, तर पुतण्याच्या बाजूने काका 'आईवडिलांपैकी एकाचा भाऊ', म्हणजे यादीत, कर नाही. पण पुतण्याने काकांना दोन लाख दिले, तर काकांच्या बाजूने पुतण्या यादीत कुठेच नाही. नातं तेच, पैसे तेच, दिशा उलटी. आणि मावसभाऊ तर कुठल्याच दिशेने यादीत बसत नाही. बक्षीसपत्राच्या मसुद्यात 'नेफ्यू' की 'अंकल' हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूने लिहायचा की देणाऱ्याच्या, हे सीएला विचारल्याशिवाय टंकायला देऊ नका.

सावत्र: स्टेप की हाफ

ही चूक माझी स्वतःची आहे. काही वर्षांपूर्वी एका वारसाच्या कागदात मी 'सावत्र भाऊ'चं 'स्टेपब्रदर' केलं आणि समोरच्या वकिलांनी लाल शाईने गोल करून परत पाठवलं. त्या घरात वडील एक होते आणि आया दोन. दुसऱ्या आईचा मुलगा. रक्त अर्धं सारखं. तो 'हाफ-ब्रदर'.

मराठीत 'सावत्र' दोन्हीकडे चालतं म्हणून ही गफलत होते. कसोटी सोपी आहे: दोघांचे आई किंवा वडील, एक तरी सामाईक आहे का? असेल तर हाफ. आईने किंवा वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या जोडीदाराचं आधीच्या लग्नातलं मूल घरात आलं, तर ते स्टेप, कारण रक्ताचा एक थेंबही सामाईक नाही. सावत्र आई मात्र नेहमी 'स्टेपमदर'. 'हाफ-मदर' असं काही नसतं.

हिंदू उत्तराधिकार कायदा यातही बारकाई करतो. वडील एक आणि आया वेगळ्या असतील तर 'हाफ ब्लड'. आई एक आणि वडील वेगळे असतील तर 'युटेराइन ब्लड', म्हणजे एका उदरातले. सख्खे ते 'फुल ब्लड'. इस्टेट भावांकडे जायची वेळ आली तर, नातं बाकी सारखंच असेल, सख्ख्याला हाफ ब्लडवाल्याच्या आधी मान. स्टेपब्रदरला त्यात जागाच नाही. म्हणजे माझ्या एका शब्दाने तो माणूस वारसांच्या रांगेतूनच बाहेर पडत होता.

शेजारचेच दोन शब्द: दत्तक म्हणजे 'अॅडॉप्टेड'. 'फॉस्टर' म्हणजे काही काळ सांभाळायला घेतलेलं मूल, कायद्याने आपलं झालेलं नाही. मामाकडे वाढलेल्या मुलाला 'फॉस्टर चाइल्ड' लिहू नका. 'रेझ्ड बाय हिज मदर्स ब्रदर' लिहा.

काही सुटे शब्द

'एल्डर' आणि 'ओल्डर'. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर, पण 'ही इज एल्डर दॅन मी' चूक. तिथे 'ओल्डर'. दोघांत थोरला तो 'एल्डर', तिघांत किंवा जास्तीत 'एल्डेस्ट'. अमेरिकेत सरसकट 'ओल्डर ब्रदर' म्हणतात, ते घेतलं तरी चालतं.

'वॉर्ड' हा शब्द आपल्या शाळांच्या सूचनांत पोटच्या पोरासाठी वापरतात. १८९०च्या 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स' कायद्यात त्याचा अर्थ आहे पालकत्वाखाली असलेला अल्पवयीन. परदेशी शाळेला 'माय वॉर्ड' लिहिलंत तर तिथे विचारतील, मूल तुमचं नाही का? 'माय सन', 'माय डॉटर' लिहा. तसंच 'पालक' म्हणजे आपण असू तर 'पेरेंट', आणि आजी सांभाळत असेल तर 'गार्डियन', तेही कागद असेल तर.

'चाइल्ड'ही जपून. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 'चाइल्ड' म्हणजे अविवाहित आणि २१ वर्षांखालचं अपत्य. तिशीतला मुलगा तिथे 'सन' असतो, 'चाइल्ड' नसतो, आणि त्या दोन शब्दांच्या मागे दोन वेगळ्या रांगा आहेत.

'विथ फॅमिली' म्हणजे बायकोसह, ही जुन्या पत्रांतली पद्धत सोडून द्या. 'वुड-बी' म्हणजे होणारा नवरा, हे इकडचं. तिकडे 'फियान्से', आणि रोमन लिपीत मुलासाठी शेवटी एक ई, मुलीसाठी दोन. हॉस्पिटलच्या अर्जातलं 'नेक्स्ट ऑफ किन', म्हणजे सगळ्यांत जवळचा नातेवाईक, म्हणजे बँकेतला 'नॉमिनी' नव्हे, आणि नॉमिनी म्हणजे 'एअर', वारस नव्हे. शेअरच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं की नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही.

इन-लॉ: एका शब्दात पाच माणसं

आता सगळ्यांत गर्दीची जागा. 'ब्रदर-इन-लॉ' म्हणजे दीर, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, आणि ओढूनताणून साडू आणि नणंदेचा नवराही. 'सिस्टर-इन-लॉ' म्हणजे वहिनी, नणंद, मेहुणी, जाऊ आणि मेहुण्याची बायको. मराठीत वहिनी आणि नणंद यांच्या मध्ये अख्खी मालिका मावते. इंग्रजीत एकच शब्द.

पहिले तीन बिनधास्त वापरा: जोडीदाराचं भावंड आणि भावंडाचा जोडीदार. म्हणजे दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, वहिनी, भावोजी. शंका उरेल तर एकदाच वाट सांगा: 'माय ब्रदर-इन-लॉ, माय हजबंड्स यंगर ब्रदर', आणि पुढे नुसतं 'ब्रदर-इन-लॉ'. न्यू जर्सीच्या दिरासाठी आम्ही आमंत्रणाच्या पत्रात हेच केलं.

साडू आणि जाऊ यांच्यात मात्र दोन लग्नं मध्ये येतात. यांच्यासाठी भारतात 'को-ब्रदर' आणि 'को-सिस्टर' असे शब्द तयार झालेत, दक्षिणेत जास्त. बंगळूरच्या ऑफिसात ते चालतात. लंडनच्या किंवा टोरंटोच्या अर्जात चालत नाहीत, वाचणाऱ्याला वाटतं ही कुठल्या मठातली सिस्टर आहे. तिथे जाऊ म्हणजे 'माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ'. साडू म्हणजे 'माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड'. बोलताना 'सिस्टर-इन-लॉ', 'ब्रदर-इन-लॉ' म्हणून मोकळं व्हावं.

अनेकवचनाचा 'एस' पहिल्या शब्दाला लागतो: 'ब्रदर्स-इन-लॉ', 'सिस्टर्स-इन-लॉ'. दिराचं घर म्हणायचं असेल तर मात्र शेवटी: 'माय ब्रदर-इन-लॉज हाउस'. सासूसासरे मिळून 'पेरेंट्स-इन-लॉ', आणि 'माय इन-लॉज' म्हणजे सासरची मंडळी. माहेरासाठी आपल्याकडे 'मॅटर्नल होम' लिहितात, ते बाहेर प्रसूतिगृहासारखं ऐकू येतं. 'माय पेरेंट्स हाउस' म्हणा.

राहिले व्याही आणि विहीण. स्पॅनिशमध्ये यांना शब्द आहे, 'कोन्सुएग्रो'. इंग्रजीत नाही. वाटच लिहायची: 'माय डॉटर्स मदर-इन-लॉ'. मुलगी नांदते त्या घरची बाई असेल तर मुलीकडून सुरुवात, सून आली त्या घरची असेल तर मुलाकडून: 'माय सन्स मदर-इन-लॉ'. हे उलटसुलट झालं की पत्रातली सून आणि लेक यांची अदलाबदल होते, आणि तसं पत्र मी पाहिलं आहे.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या. मुलगी मेलबर्नला, जावई तिकडचाच, आणि जावयाची आई त्यांना विमानतळावर घ्यायला येणार होती. आजींनी ओळख करून द्यायचं वाक्य पाठ करायला मागितलं. मी लिहून दिलं. त्यांनी 'माय डॉटर्स मदर-इन-लॉ' तीनदा म्हणून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एवढं म्हणेपर्यंत ती गाडी काढेल. मी आपली विहीणबाई म्हणून हाक मारते." मी म्हटलं, मारा. फक्त अर्जात ते लांबलचकच लिहा. त्यांनी कागद पर्समध्ये घातला.